कंबरदुखी व कण्यातील इंजेक्शन : घ्यावे की न घ्यावे?

आयुष्यात एकदाही कंबर दुखली नाही असा प्रौढ मनुष्य विरळाच. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० साली जगातील सुमारे ६१ कोटी ९० लक्ष लोकांना हा विकार होता. हातमागावर बसणारा विणकर, खाचरात वाकून भाताची लावणी करणारी शेतकरीण, मालधक्क्यावर पोती उचलणारा हमाल आणि दिवसभर खुर्चीत बसणारा कारकून, कोणालाच तो वर्ज्य नाही. बहुतेकांची कंबर काही आठवड्यांत बरी होते. काहींची वेदना मात्र हटत नाही. कित्येकदा ती मांडीतून पोटरीत आणि पोटरीतून पावलात उतरते. झोप उडते, रोजगार बुडतो. अशा वेळी कण्यात औषध टोचून घेण्याचा सल्ला मिळतो. या इंजेक्शनास ‘एपिड्यूरल’ म्हणतात.

हा उपाय रामबाण आहे असे काहींना वाटते, तर कण्यात सुई गेली की पाय गेलेच अशी काहींना धास्ती असते. या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. हे इंजेक्शन नेमके काय करते आणि काय करू शकत नाही हे समजले म्हणजे निर्णय पुष्कळ सुकर होतो.

वेदना कोठून येते?

पाठीचा कणा म्हणजे एकावर एक रचलेल्या मणक्यांची माळ होय. दोन मणक्यांच्या मध्ये एक चकती असते. बोलीभाषेत तिला गादी म्हणतात. तिची कड चिवट तंतूंची असून आतला गर मऊ असतो. मणक्यांच्या मागील बाजूस एक नलिका असते व तीत मेरुरज्जू सुरक्षित राहतो. प्रौढ माणसाचा मेरुरज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याजवळ संपतो. त्याखाली केवळ मज्जातंतूंच्या मुळांचा जुडगा असतो. या सर्वांवर एक जाड आवरण असते. त्या आवरणाच्या बाहेर चरबी व बारीक शिरा यांनी भरलेली जी अरुंद पोकळी असते, तीतच हे इंजेक्शन देतात. सुई मेरुरज्जूत खुपसली जात नाही.

गादीची कड फाटून गर बाहेर आला म्हणजे मज्जातंतूच्या मुळावर दाब पडतो आणि कळ पायात उतरते. आयुर्वेदात हिला गृध्रसी म्हणतात. ‘सायटिका’ हे तिचे आजचे प्रचलित नाव. फाटलेली गादी हे तिचे एक प्रमुख कारण असल्याचे बोस्टनच्या मिक्स्टर व बार या शल्यचिकित्सकांनी १९३४ साली दाखवून दिले. पुढे असे ध्यानात आले की, दाब हे वेदनेचे एकमेव कारण नाही. बाहेर आलेल्या गरामुळे मुळाभोवती दाह होतो, सूज येते व त्यामुळेही ठणका लागतो.

उपायाचा जन्म

१९०१ साली पॅरिसमध्ये सिकार व काथलँ या दोघा डॉक्टरांनी, एकमेकांवर विसंबून न राहता, माकडहाडाजवळील छिद्रातून या पोकळीत कोकेन हे बधिरक औषध सोडले. सिकार यांनी त्याचा उपयोग गृध्रसीवर केला. पुढे कॉर्टिसोन या दाहशामक द्रव्याचा शोध लागला व त्याबद्दल केंडाल, हेंच व राइखस्टाइन यांना १९५० साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच दशकात या जातीची औषधे, म्हणजे स्टेरॉइडे, कण्यातील पोकळीत देण्यास आरंभ झाला. आज बहुधा क्ष-किरणांच्या पडद्यावर सुईचे टोक पाहत, बधिरक औषधासह स्टेरॉइड टोचतात.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. स्टेरॉइड दाह शमविते. ते फाटलेली गादी सांधत नाही, झिजलेला मणका भरून काढीत नाही, की अरुंद झालेली नलिका रुंद करीत नाही. ज्या वेदनेच्या मुळाशी मज्जातंतूचा दाह आहे, तिच्यावरच या औषधाची भिस्त आहे.

गुण किती येतो?

गृध्रसीच्या रुग्णांवर झालेल्या २५ चाचण्यांचा, म्हणजे सुमारे २,४७० रुग्णांचा, एकत्रित आढावा ‘कॉक्रेन’ या संस्थेने २०२० साली प्रसिद्ध केला. वेदनेची कमाल १०० अंक धरली, तर औषधरहित इंजेक्शनाच्या तुलनेत स्टेरॉइडामुळे पायाची वेदना पहिल्या काही आठवड्यांत सरासरीने सुमारे ५ अंकांनी अधिक कमी झाली. हा फरक लहान आहे. सरासरीच्या पोटात कोणाला बराच आराम पडलेला असतो, तर कोणाला मुळीच पडलेला नसतो, हेही येथे ध्यानात ठेवावे.

वयोमानाने कण्याची नलिका अरुंद झालेल्या ४०० रुग्णांवर अमेरिकेत झालेल्या चाचणीचा निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाला. सहा आठवड्यांनंतर, केवळ बधिरक औषध घेतलेल्यांच्या मानाने स्टेरॉइड घेतलेल्यांस फारसा अधिक लाभ झाला नव्हता. ब्रिटनमधील ‘नाइस’ या संस्थेने २०१६ साली सल्ला दिला तो असा : नव्याने उद्भवलेल्या तीव्र गृध्रसीत या इंजेक्शनाचा विचार करावा, केवळ कंबरदुखीसाठी कण्यात इंजेक्शने देऊ नयेत. तीन महिन्यांहून जुन्या वेदनेसाठी, मग ती कमरेपुरती असो वा पायात उतरणारी, ती देऊ नयेत अशी शिफारस २०२५ साली ‘बीएमजे’ या ब्रिटिश नियतकालिकात तज्ज्ञमंडळाने केली. या शेवटच्या शिफारशीवर मात्र सर्वांचे एकमत नाही.

कोणी म्हणेल, एम. आर. आय. चित्रात गादी सरकलेली स्पष्ट दिसते, मग संशय कसला? परंतु चित्रही फसवू शकते. कसलाही त्रास नसलेल्या लोकांच्या चित्रांचा आढावा २०१५ साली घेण्यात आला. विशीतील सुमारे ३० टक्के आणि ऐंशीच्या घरातील सुमारे ८४ टक्के लोकांत गादी फुगलेली आढळली, आणि त्यांना वेदना मात्र नव्हती! चित्रातील दोष व पायातील कळ यांचा मेळ बसतो की नाही, हे डॉक्टरांनी रुग्णाला तपासूनच ठरवावे लागते.

धोके कोणते?

सुईने आवरणास छिद्र पडल्यास काही दिवस डोके दुखते. रक्तस्राव व जंतुसंसर्ग क्वचितच होतात. पण क्वचित म्हणजे कधीच नव्हे. २०१२ साली अमेरिकेत बुरशीने दूषित झालेले स्टेरॉइड टोचले गेल्याने ७५० हून अधिक लोक आजारी पडले व त्यांतील ६० हून अधिक दगावले. दृष्टी जाणे, पक्षाघात होणे असे अत्यंत विरळ पण गंभीर परिणामही घडू शकतात, असा इशारा तेथील औषध प्रशासनाने २०१४ साली दिला.

भारतीय रुग्णाने दोन गोष्टींकडे विशेष लक्ष पुरविले पाहिजे. पहिली मधुमेह. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी लोकांस हा रोग आहे, आणि स्टेरॉइडामुळे रक्तातील साखर काही दिवस वाढते. दुसरी मणक्याचा क्षय. बारीक ताप, घटते वजन, रात्रीही न थांबणारी पाठदुखी असेल, तर आधी क्षयाची तपासणी व्हावी. स्टेरॉइडामुळे संसर्गाविरुद्धची प्रतिकारशक्ती दबते. म्हणून क्षय न ओळखता इंजेक्शन घेणे घातक ठरेल.

निर्णय कसा करावा?

प्रथम संकटाची लक्षणे पाहावीत. लघवी अडणे, लघवी वा शौचावरील ताबा सुटणे, जांघेतील व बैठकीची जागा बधिर होणे, पायातील शक्ती झपाट्याने कमी होणे, यांपैकी काहीही घडल्यास इंजेक्शनाचा विचार करीत न बसता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

अशी लक्षणे नसल्यास रुग्णाने डॉक्टरांना विचारावे : माझी वेदना मज्जातंतूची आहे की कमरेपुरती? ती आपोआप ओसरण्याचा संभव किती? इंजेक्शनाने आराम पडला तर तो किती दिवस टिकेल, आणि न पडला तर पुढे काय? मधुमेह, गर्भारपण, पूर्वीची एखाद्या औषधाची वावडी, अंगावरील जखम, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, यांची माहिती न विचारताही सांगावी. त्या गोळ्या आपल्या मनाने बंद मात्र करू नयेत.

गृध्रसीचे बहुतेक रुग्ण शस्त्रक्रियेवाचून काही महिन्यांत सुधारतात; बाहेर आलेला गरदेखील पुष्कळदा शरीरच हळूहळू शोषून घेते. म्हणून ज्याला वेदना सोसून हिंडताफिरता येते, त्याने थोडा धीर धरून चालणे व व्यायाम चालू ठेवणे श्रेयस्कर. ज्याची कळ नवी व पायात उतरणारी आहे आणि जिच्यापायी झोप व काम दोन्ही अशक्य झाले आहे, त्याने हे इंजेक्शन घेण्यात गैर काही नाही. मिळालेल्या उसंतीचा उपयोग त्याने पुन्हा हिंडूफिरू लागण्यासाठी करावा. केवळ कंबर दुखणाऱ्याने मात्र सुईकडून फारशी आशा धरू नये. त्याला नियमित व्यायामाचाच आधार अधिक आहे.