तोंडात धरावे, पण दात लागू नये

(द्वितीय वर्ष, कला)

शिकारी कुत्रे म्हटले की आमच्या भागातील माणसाच्या डोळ्यांसमोर कारवानी कुत्रे उभे राहते. लांब पाय, खपाटीला गेलेले पोट आणि सशामागे वाऱ्यासारखी धाव. हे कुत्रे डोळ्यांनी शिकार हेरते, पळून गाठते आणि स्वतःच धरते. परंतु शिकारी कुत्र्यांची दुसरीही एक जात आहे. ती शिकार करीतच नाही. मालकाने पाडलेला पक्षी शोधून, त्याचे पीसही न विस्कटता, तो मालकाच्या हातात आणून देणे एवढेच तिचे काम. या जातीला इंग्रजीत रिट्रीव्हर म्हणतात. असे कुत्रे कसे घडवितात याची माहिती या लेखात देण्याचा विचार आहे. हा विषय मला का सुचला, हे सांगण्यासाठी आधी थोडी घरची हकीकत सांगावी लागेल.

माझे वडील साखर कारखान्यावर रखवालदार आहेत. गेल्या वर्षी मे महिन्यात तेथील एका साहेबांची बदली झाली, आणि जाताना त्यांनी अडीच महिन्यांचे लॅब्रॅडोरचे पिल्लू वडिलांच्या हवाली केले. त्याचे नाव आम्ही मोती ठेवले. श्रावणापर्यंत सर्व ठीक चालले. मग एके दिवशी मोतीने शेजारच्या काकूंची अंड्यावरची कोंबडी धरली आणि ती मेली. काकूंनी अंगणात येऊन आमचा उद्धार केला. वडिलांनी कोंबडीचे पैसे मोजले आणि मला म्हणाले, "दिवाळीपत्तोर बघतो. न्हाईतर बाजाराच्या गावाला सोडून येतो." आमच्या घरात वडील एकदाच बोलतात.

दुसऱ्या दिवशी एस.टी.ने कॉलेजात आले ती सरळ ग्रंथालयात गेले. कुत्र्यांवर एकच इंग्रजी पुस्तक मिळाले, तेही पक्ष्यांच्या शिकारीसाठी कुत्रे तयार करण्याविषयीचे. आमच्या घरात कॉलेजात येणारी मी पहिलीच. इंग्रजी पुस्तक समजावून देणारे घरी कोणी नाही. शब्दकोश शेजारी ठेवून ते पंधरा दिवसांत वाचले. वाचताना कळले की, मोतीला आम्ही खोडकर म्हणत होतो, पण तो त्याच्या जातीचे कामच अर्धवट करीत होता.

रिट्रीव्हर कुत्र्यांचा विकास मुख्यतः एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमध्ये झाला. उडता पक्षी बंदुकीने टिपला की तो दूर झुडुपात, लव्हाळ्यात किंवा पाण्यात पडे. तो शोधून आणणारा मदतनीस हवा होता. लॅब्रॅडोरचे पूर्वज आजच्या कॅनडातील न्यूफाउंडलंड बेटावर कोळ्यांबरोबर काम करणारे, पाण्याला न भिणारे कुत्रे होते. ब्रिटनमधील काही उमरावांनी ते आणून त्यांची पैदास केली, आणि १९०३ मध्ये तेथील केनेल क्लबने ही स्वतंत्र जात म्हणून मान्य केली. गोल्डन रिट्रीव्हर ही जात स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात लॉर्ड ट्वीडमाउथ यांनी तयार केली. १८६८ साली त्यांच्याकडे नूस हा पिवळा कुत्रा आणि बेल ही पाण्यात काम करणाऱ्या जातीची कुत्री यांची पिल्ले झाली, तेथून तिचा उगम मानतात. इंग्लंडमध्ये आजही फेझंट पक्ष्याचा हंगाम १ ऑक्टोबर ते १ फेब्रुवारी असतो आणि त्यात ही कुत्री काम करतात.

आता शिक्षणाकडे वळू. पहिला धडा आणण्याचा नसून परत येण्याचा असतो. पिल्लू लहान असतानाच घरातल्या अरुंद बोळात गुंडाळलेला मोजा टाकतात. दोन्हीकडे भिंती असल्याने पिल्लाला मोजा घेऊन पळून जायला वाव नसतो. ते आपोआप माणसाकडेच येते. दिवसातून दोनतीनदाच टाकायचे आणि पिल्लाची हौस शिल्लक असतानाच थांबायचे. दहा वेळा टाकले की त्याला कंटाळा येतो, आणि कंटाळलेले पिल्लू वस्तू चघळत बसते.

वस्तू घेऊन पिल्लू पळालेच तर त्याच्यामागे धावायचे नाही. धावलात की तो शिवाशिवीचा खेळ होतो. उलट आपण पाठ फिरवून दूर पळावे किंवा खाली बसावे, म्हणजे पिल्लू आपल्यामागे येते. आणि आल्यावर वस्तू हिसकावून घ्यायची नाही. आधी पाठीवरून हात फिरवायचा, क्षणभर ती त्याच्या तोंडात राहू द्यायची, मग हळूच मागून घ्यायची. हिसका दिला की कुत्रे जबडा आवळून धरायला शिकते, आणि असे कुत्रे पुढे पक्षी चिरडते. त्याला 'कठीण तोंडाचे' कुत्रे म्हणतात. ते शिकाऱ्याच्या कामाचे राहत नाही.

येथे मला आमची चूक सापडली. मोतीने चप्पल उचलली की आम्ही तिघे त्याच्यामागे धावत असू आणि ती ओढून काढत असू. त्यातच त्याचे दात बदलत होते. कुत्र्याच्या पिल्लाला २८ दुधाचे दात असतात. साधारण चौथ्या महिन्यापासून ते पडू लागतात आणि सातव्या महिन्याच्या सुमारास ४२ पक्के दात येतात. या काळात हिरड्या शिवशिवतात, तेव्हा ओढाताणीचे खेळ वर्ज्य. म्हणजे जबडा आवळायला आम्हीच शिकविले होते.

दुसरा धडा संयमाचा. कुत्र्याला बसवून त्याच्यादेखत वस्तू फेकतात, आणि हुकूम मिळेपर्यंत त्याने हलायचे नाही. निम्म्या वेळा तर शिक्षक स्वतःच जाऊन वस्तू उचलून आणतो. फेकलेली प्रत्येक गोष्ट आपली नसते, हे कुत्र्याला यातून कळते. शिट्टीच्या खुणाही ठरलेल्या असतात : एक लांब शिट्टी म्हणजे 'बस', तुटक तुटक शिट्ट्या म्हणजे 'ये'.

तिसऱ्या टप्प्यात कापडाची सुमारे अर्ध्या किलोची गुंडाळी वापरतात. पुढे तिला पक्ष्याचे पंख बांधतात आणि सर्वांत शेवटी मेलेला थंड पक्षी देतात. गवतात लपविलेली वस्तू शोधताना कुत्र्याला अशा बाजूने पाठवतात की वारा वस्तूवरून त्याच्या नाकाकडे येईल. बंदुकीच्या आवाजाची सवयही अशीच पायरीपायरीने करतात. आवाज प्रथम दूरवर, कुत्रे खाण्यात किंवा खेळात दंग असताना काढतात आणि रोज थोडा जवळ आणतात. एकदम कानाशी बार काढला तर कुत्रे जन्मभर आवाजाला भिऊ शकते.

आम्हांला शिकार करायची नव्हती. ती करताही येत नाही, आणि येऊ नयेच. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याने आपल्याकडे शिकारीवर बंधने आली आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर शिकारीचे परवानेही बंद झाले. आमच्या आबांनी तरुणपणी कारवानी कुत्री पाळली होती. ते म्हणाले, "आता माळावर तितराचा आवाज ऐकला तरी बरं वाटतं, पोरी. मारायचं कशाला?" मला फक्त मऊ तोंड आणि संयम हवा होता.

पोत्याच्या तुकड्यात चिंध्या भरून मी गुंडाळी शिवली. घर आणि गोठा यांमधला बोळ ही आमची शाळा. जत्रेतली शिट्टी होती. पंखांऐवजी आमच्याच कोंबड्यांची गळालेली पिसे बांधली. पहिल्या दिवशी मोतीने ती पिसे खाऊन टाकली. मी ओरडले, तर पुढचे दोन दिवस तो बोळात येईना. चूक माझी होती. एक पायरी मी गाळली होती. पुन्हा साध्या गुंडाळीवर आले, आठ दिवसांनी एकच पीस बांधले, मग दोन. आई त्याला भाकरी घाली तेव्हा मी लांब गोठ्यामागे थाळी वाजवी आणि रोज चार पावले जवळ येई. आबा बाजेवरून सगळे बघत. एकदा म्हणाले, "आमी कुत्र्याला पळायला शिकवलं. तू थांबायला शिकवतीस. ह्ये अवघड."

दिवाळीच्या आदल्या दिवशी सकाळी मोती अंगणात बसला होता आणि काकूंची तांबडी कोंबडी कुंपणाच्या भगदाडातून आत आली. माझ्या हातात शेणाची पाटी होती, शिट्टी घरात. मोतीचे अंग ताठ झाले, कान पुढे आले. मी हळू आवाजात "थांब" म्हटले. कोंबडी दाणे टिपत त्याच्या अगदी नाकासमोरून गेली. मोती थरथरत होता, पण त्याचे डोळे कोंबडीवरून निघून माझ्या तोंडाकडे लागले होते. वडील दारात उभे होते. ते काही बोलले नाहीत. संध्याकाळी फटाके वाजू लागले तेव्हा मोती एकदा दचकला आणि पुन्हा झोपला. वडिलांनी आपल्या ताटातली अर्धी भाकरी त्याच्यापुढे टाकली. मी समजायचे ते समजले.

या सगळ्यात एक गोष्ट माझ्या मनात राहिली. प्रथम वर्षाला असताना वर्गात मी एकदा उत्तर द्यायला उभी राहिले. गावाकडचा शब्द तोंडून गेला, वर्ग हसला, आणि वाक्य पुरे होण्याआधीच ते माझ्याकडून काढून घेतले गेले. त्यानंतर कितीतरी महिने मी तोंड आवळूनच बसले. पुढे दुसऱ्या एका तासाला सरांनी माझे वाक्य अडखळत का होईना पुरे होऊ दिले, आणि मग हळूच दुरुस्त केले. मला तेव्हा त्याचे कारण सांगता आले नसते. आज सांगता येते. शिकणारा जे काही तोंडात धरून आणतो, ते आधी क्षणभर त्याचे राहू द्यावे. मग मागावे. तो देतो.