आधी कोणी मोडायचं?

गावातली डीपी 11 केव्हीवर चालते. पण तिच्या पट्टीवर 75 हाही आकडा असतो. वळवाच्या विजेचा दणका तिच्या इन्सुलेशनने किती केव्हीपर्यंत सोसायचा, त्याचा हा करार. इंजिनिअर त्याला बीआयएल म्हणतात. हा करार व्हायला वीसेक वर्षं लागली.

1920च्या सुमारास न्यूयॉर्क राज्यात विद्युत-इंजिनिअर चार्ल्स स्टाइनमेट्झच्या नदीकाठच्या खोपटावर वीज पडली. आरसा फुटला. या गृहस्थाने काचा केरात टाकल्या नाहीत. तुकडा तुकडा जुळवून वीज कुठून कशी गेली ते त्यावरून वाचलं. 1922 मध्ये स्केनेक्टडीच्या प्रयोगशाळेत त्याने लाखावर व्होल्टची वीज स्वतःच पाडून दाखवली. त्याच सुमारास जर्मनीत एर्विन मार्क्सने कपॅसिटर समांतर भरून एकसर मोकळे करण्याची युक्ती काढली. उपकरणांच्या परीक्षागृहांत कृत्रिम विजेसाठी आजही तीच चालते.

तोवर ट्रान्सफॉर्मरची परीक्षा भोळी होती: दुप्पट व्होल्टेज, वर हजार व्होल्ट, एक मिनिट. विजेचा कारभार मात्र मायक्रोसेकंदांचा. 1941 मध्ये अमेरिकेतल्या संयुक्त समितीने बीआयएलच्या पायऱ्या ठरवल्या. आजची प्रमाण लाट 1.2 मायक्रोसेकंदांत शिखर गाठते आणि 50व्या मायक्रोसेकंदाला निम्म्यावर येते.

गंमत पुढे आहे. 11 केव्हीला 75 म्हणजे रोजच्या शिखर-ताणाच्या जवळजवळ आठपट. 400 केव्हीच्या उपकरणांना 1425, म्हणजे जेमतेम चौपट. वीज पडताना लाइन किती केव्हीची ते विचारत नाही, त्यामुळे लहानालाच जास्त कवच लागतं. मोठ्या लाइनचं दुखणं घरचं: ब्रेकर उघड-मिट करताना उठणारी लाट. तिच्यासाठी 250 मायक्रोसेकंदांत चढणारी, 2500ला निम्मी होणारी वेगळी परीक्षा आली.

खरी अक्कल उतरंडीत आहे. आधी लाट जमिनीत वळवणाऱ्या अरेस्टरने झेलायचं, मग चिनी मातीच्या इन्सुलेटरवरून ठिणगी जाऊ द्यायची, ट्रान्सफॉर्मरची गुंडाळी शेवटी. हवा पुन्हा सावरते, लाइन पुन्हा चालू होते. तेलातल्या कागदाला पडलेलं भोक बुजत नाही. 1960च्या दशकाच्या अखेरीस जपानमध्ये व्होल्टेज चढताच वाट मोकळी करण्याचा झिंक ऑक्साइडचा गुण सापडला, अरेस्टर भरवशाचे झाले, आणि 400 केव्हीच्या ट्रान्सफॉर्मरला 1300वर भागू लागलं.

पहिल्या वळवात डीपी जळाली की आपण विजेला बोल लावतो. कधी खांबाखाली जाऊन पाहावं, तर अरेस्टरची अर्थिंगची तार अर्ध्यावर तुटून लोंबत असते.