आखूड हातांचा ट्रॉम्बोन

ट्रॉम्बोनच्या सरकत्या नळीला सात टप्पे असतात. सातव्या टप्प्यावर जायला मोठ्या माणसालाही हात पुरता लांब करावा लागतो. टेक्सासमधल्या व्हर्ननचा जॅझ ट्रॉम्बोनवादक जॅक टीगार्डन (जन्म १९०५) शिकायला लागला तेव्हा लहान पोर होता. हात पुरेनात, म्हणून जवळच्या टप्प्यांवरच ओठ आवळून-सैलावून सूर काढायला शिकला. पुढे चांगला उंचापुरा गडी झाला, तरी नळी फारशी हलेना. भरधाव तुकड्यातही तो आळसावून वाजवतोय असं वाटतं, ते यामुळेच.

१९२८ मध्ये न्यूयॉर्कला बेन पोलॅकच्या बँडमध्ये तो आला आणि तिथल्या ट्रॉम्बोनवाल्याची पंचाईत झाली. तो ट्रॉम्बोनवाला म्हणजे ग्लेन मिलर! मिलरने पुढे वादनापेक्षा अरेंजिंगवर भर दिला, आणि त्यातच त्याचं भलं झालं. १९२९ मध्ये टीगार्डनने लुई आर्मस्ट्राँगबरोबर ‘नॉकिन अ जग’ ही रेकॉर्ड वाजवली. गोरे आणि काळे वादक एका रेकॉर्डवर, हे तेव्हा सहसा घडत नसे.

मग मंदी आली. पोटाची सोय म्हणून १९३३ च्या अखेरीस त्याने बँडचालक पॉल व्हाइटमनशी पाच वर्षांचा करार केला. पगार पक्का, पण १९३५ मध्ये बेनी गुडमनच्या बँडने स्विंगची लाट उठवली तेव्हा हा व्हाइटमनच्या गोडगुळगुळीत ताफ्यात अडकलेला. सुटल्यावर १९३९ मध्ये स्वतःचा बँड काढला, तोवर बाजार भरून गेला होता. त्यात हिशेबाला कच्चा, दिवाळं निघालं. त्याच वर्षी मिलरच्या बँडचं ‘इन द मूड’ गाजू लागलं. तरी याने १९४६ पर्यंत बँड रेटला. इतकं कशाला, असं वाटतंच.

पुढची काही वर्षं आर्मस्ट्राँगच्या ‘ऑल स्टार्स’ बँडमध्ये बरी गेली. १९५८-५९ मध्ये अमेरिकी सरकारच्या आशिया दौऱ्यात तो भारतातही येऊन गेला. १९६४ च्या जानेवारीत न्यू ऑर्लिन्सला न्यूमोनियाने वारला, तेव्हा वय ५८.

मी मात्र परत परत लावतो ते १९४७ च्या टाउन हॉल मैफलीतलं ‘सेंट जेम्स इन्फर्मरी’. भोंग्याचा भाग त्याने काढून ठेवलाय आणि उरलेल्या नळीच्या तोंडावर पाण्याचा साधा ग्लास धरलाय. नळी निम्मी झाली की सगळे टप्पे बदलतात, सूर नव्याने शोधावे लागतात. तो शोधतोय, आणि आवाज येतोय बंद दाराआडून कुणी कण्हावं तसा.