सोरायसिस की इसब?

सोरायसिस आणि इसब या दोन्हींत चट्टे उठतात, खाज सुटते, खपल्या निघतात. त्यामुळे गावाकडे दोन्हींना सरसकट नायटा म्हटले जाते. नायटा बुरशीमुळे होतो आणि एकाचा दुसऱ्याला लागतो. सोरायसिस किंवा इसब मात्र स्पर्शाने, ताटात जेवल्याने वा अंथरुणातून कुणालाही लागत नाही.

सोरायसिसमध्ये प्रतिकारशक्ती बिथरते. त्वचेच्या पेशींना तळातून वर यायला एरवी महिनाभर लागतो, त्या काही दिवसांतच वर येतात आणि झडण्याआधी साचतात. म्हणून चट्टा जाड असतो, त्याची कड ठळक असते आणि वर चंदेरी पापुद्रे दिसतात. कोपर व गुडघ्याची बाहेरची बाजू, कंबर आणि टाळू या त्याच्या नेहमीच्या जागा. टाळूवरचा चट्टा पुष्कळदा केसांची कड ओलांडून कपाळावर उतरतो. साधा कोंडा तसा उतरत नाही. नखांवर सुईने टोचल्यासारखे बारीक खड्डे पडले असतील, तर सोरायसिसचा संशय बळावतो. सकाळी बोटे आखडत असतील, सांधे सुजत असतील तर तेही डॉक्टरांना आवर्जून सांगावे, कारण हा आजार सांध्यांतही उतरतो.

इसबाची खाज जास्त छळते, रात्री झोपू देत नाही. चट्ट्याची कड पुसट असते, त्यातून पाणी सुटते आणि खाजवून खाजवून कातडी जाड, काळपट होते. तान्ह्या बाळाच्या गालांवर, मोठ्या मुलांच्या कोपराच्या आणि गुडघ्याच्या आतल्या घडीत तो दिसतो. अशा घरात बहुधा कुणाला दमा किंवा सततची सर्दी असते. पुस्तकांत दोन्ही आजारांचे चट्टे लाल म्हणून दाखवतात, पण सावळ्या कातडीवर ते जांभळट किंवा तपकिरी दिसू शकतात.

घनसावंगी तालुक्यातल्या तीर्थपुरीच्या परिसरात, ऊस-कापसाच्या शेतीत राबणाऱ्यांनी इसबाचा आणखी एक प्रकार ओळखायला हवा. तो गाजर गवताचा. हे तण १९५५च्या सुमारास पुण्यात आढळले. परदेशी गव्हाबरोबर ते आल्याचे मानले जाते. आता ते बांधाबांधावर आहे. त्यातल्या पार्थेनिन या द्रव्याची ॲलर्जी झालेल्या माणसाच्या पापण्या, मान आणि हाताच्या घड्या सुजतात. त्रास आधी हंगामी असतो, पुढे बारमाही होतो. अशा रुग्णाने गवत उपटायचे काम दुसऱ्यावर सोपवणेच बरे; नुसत्या मलमाने भागत नाही.

निदान सर्वांत जास्त बिघडते ते मेडिकलमधून आणलेल्या ट्यूबमुळे. तीत बहुधा तीव्र स्टेरॉइड असते. खाज दोन दिवसांत थांबते, चट्ट्याचे रूप बदलते, नायटा असेल तर तो आतून फोफावतो, आणि डॉक्टरांपुढे येते ते मूळ आजाराचे बिघडलेले चित्र. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक मलमे चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, तरी ती सहज मिळतात. स्टेरॉइडच्या गोळ्या किंवा सुई घेऊन ती एकदम बंद केली तर सोरायसिस अंगभर भडकू शकतो. म्हणून जालन्याला किंवा छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात त्वचारोग विभागात जाताना आधी वापरलेल्या सगळ्या ट्यूब बरोबर न्याव्यात. तळहात-तळपायांवर दोन्ही आजार इतके सारखे दिसतात की तज्ज्ञही कातडीचा तुकडा तपासायला पाठवतात.

इसबाचा पाया ओलावा: कोमट पाण्याची थोडक्यात आंघोळ, अंग ओलसर असतानाच व्हॅसलीन किंवा साधे वासरहित मलम, आणि भडकल्यावर सांगितले तितकेच दिवस स्टेरॉइड. सोरायसिसला कोलतार, ड जीवनसत्त्वाची मलमे, अतिनील प्रकाशाचा उपचार, आणि आजार पसरला की मेथोट्रेक्सेट देतात. आजार मुळासकट जात नाही, पण वर्षानुवर्षे आटोक्यात राहतो. दारू आणि वाढलेले वजन त्याला चिथावतात. मेथोट्रेक्सेटची मात्रा आठवड्यातून एकाच ठरलेल्या दिवशी घ्यायची असते. रोज घेतल्यास रक्तपेशी घटून जिवावर बेतते. हे औषध गरोदरपणात चालत नाही आणि ते सुरू असताना रक्ताची व यकृताची तपासणी ठरल्या वेळी करावी लागते.