सागरी कयाकिंगची पातळी आणि तापीचे पाणी
कयाक, म्हणजे दोन्ही टोकांना पाते असलेल्या वल्ह्याने चालवायची अरुंद होडी, समुद्रात नेणाऱ्याची पातळी ठरवताना त्याने किती वर्षे वल्हवले यापेक्षा तो कोणत्या पाण्यात स्वतःला व सोबत्यांना सांभाळू शकतो हे पाहिले जाते. त्यामुळे वाऱ्याचा वेग, लाटांची उंची, प्रवाह आणि किनाऱ्यापासूनचे अंतर यांच्या मर्यादा प्रत्येक पातळीच्या व्याख्येतच येतात. ब्रिटिश पद्धतीत ‘मध्यम’ मानलेल्या सागरी पाण्यात वारा बोफर्ट मापनाच्या ४ क्रमांकापर्यंत, म्हणजे ताशी फार तर २८ किलोमीटर, धरला जातो.

या मर्यादा समुद्राच्या आहेत, आणि खानदेशाला समुद्र नाही. जळगाव-धुळ्यातून वाहणारी तापी मात्र सुरतेजवळ अरबी समुद्राला मिळते. तिच्यावरच्या, भुसावळ तालुक्यातील हतनूर धरणाच्या जलाशयासारख्या पाण्यात प्राथमिक कौशल्ये पारखता येतील: सरळ वल्हवणे, वळणे, उलटलेल्या कयाकमधून बाहेर पडून पुन्हा आत चढणे, आणि पुढे ‘रोल’, म्हणजे बाहेर न पडता वल्ह्याच्या व कमरेच्या झटक्याने होडी सुलटी करणे. उघड्या जलाशयावर वाऱ्याला मोकळे अंतर मिळाले की लाटाही उठतात, त्यामुळे धरणाचे पाणी नेहमीच सोपे असते असे नाही. तरीही भरती-ओहोटीचा हिशेब आणि किनाऱ्यावर फुटणाऱ्या लाटांतून उतरणे येथे शिकता येत नाही. तेवढ्यासाठी कोकण गाठावे लागते, आणि त्याआधी कोणालाही सागरी श्रेणी देणे गैर ठरते.