गाडी परत बोलावली जाते तेव्हा

‘आपल्या गाडीच्या इंजिनातील सेन्सरमध्ये दोष संभवतो, तो विनामूल्य बदलून दिला जाईल,’ अशा आशयाचे पत्र कंपनीकडून येते. गाडी सुरळीत चालत असल्याने ते पुष्कळदा खणात पडून राहते. हे दुर्लक्ष महागात पडू शकते.

क्रँकशाफ्ट सेन्सरचे उदाहरण घेऊ. इंजिनाचा मुख्य दांडा कोणत्या स्थितीत आहे आणि किती वेगाने फिरत आहे, हे बोटभर लांबीचा हा सेन्सर गाडीतील संगणकाला अखंड कळवत असतो. इंधन केव्हा सोडावे, ठिणगी केव्हा पाडावी, हे त्यावरून ठरते. संदेश तुटला की धावती गाडी बंद पडू शकते. मग ब्रेकचे पेडल दोन-तीनदा दाबताच जड होते. घाटात मागून मालट्रक येत असताना हे घडले, तर परिणाम सांगायला नको. शिवाय असा दोष अनेकदा इंजिन तापल्यावर प्रकटतो आणि निवल्यावर नाहीसा होतो. म्हणून ‘आजवर काही झाले नाही’ हा निर्दोषतेचा पुरावा नव्हे.

सदोष माल गिऱ्हाइकाच्या तक्रारीपूर्वीच परत घेणारी पेढी आपली पत राखते, हे व्यापाऱ्यास सांगावे लागत नाही. कायद्याचीही हीच दृष्टी आहे. मोटार वाहन (सुधारणा) अधिनियम, २०१९ मधील कलम ११०-अ नुसार प्रवाशांना वा इतरांना धोका पोहोचवणारी वाहने परत बोलावण्याचा आदेश केंद्र सरकार देऊ शकते. मात्र उत्पादकाने स्वतः दोष कळवून ती प्रक्रिया सुरू केल्यास त्याला दंड होत नाही. याबाबतचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू आहेत.

पत्राची वाट पाहत बसण्याचेही कारण नाही. नोंदणीपत्रावरील १७ अक्षर-अंकी चॅसिस क्रमांक देऊन अधिकृत सेवाकेंद्रात चौकशी करता येते. जुनी गाडी विकत घेतली असल्यास ही चौकशी अधिकच अगत्याची. कारण कंपनीचे पत्र पहिल्या मालकाच्या पत्त्यावर गेलेले असू शकते. या दुरुस्तीचे पैसे ग्राहकाने द्यायचे नसतात. झालेल्या कामाची लेखी नोंद मात्र घ्यावी.

दुकानाच्या माल पोहोचवणाऱ्या गाड्याही यातून सुटू नयेत. त्या गाड्यांच्या चाकामागे बहुधा मालक नसतो, नोकरीवरचा चालक असतो. पत्र त्याच्या हाती येत नाही. धोका मात्र त्याच्याच वाट्याला येतो.