यमाईच्या वाटेवरचं संग्रहालय

औंधच्या डोंगरावर यमाईचं मूळपीठ आहे. गावातून वर निघालं की देवीच्या आधी वाटेत श्री भवानी वस्तुसंग्रहालय लागतं. पौषातल्या यात्रेला खटाव, माण, कोरेगाव, आटपाडी, खानापूर अशा चहूबाजूंच्या तालुक्यांतून माणसं येतात. ती देवीला येतात. चित्रं बघायची म्हणून घरून निघालेला त्यांच्यात क्वचितच कोणी असेल. पण वाट तिथूनच जाते. हातात ओटीचं सामान आणि कडेवर मूल घेऊन आलेली बाई राजा रविवर्म्याच्या 'सैरंध्री'समोर उभी राहू शकते ती या जागेमुळे. मुंबईतल्या कुठल्याही मोठ्या कलादालनाला हा प्रेक्षक सहज मिळत नाही.

ही जागा निवडली औंधचे संस्थानिक भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी यांनी. लोक त्यांना बाळासाहेब म्हणत. राजवाडा खाली गावात होता, संग्रह तिथंच ठेवता आला असता. त्यांनी १९३८ साली तो देवीच्या वाटेवर, सगळ्यांसाठी खुला केला. रविवर्मा आणि धुरंधर यांची चित्रं, 'किरातार्जुनीया'वरची पहाडी लघुचित्रं, युरोपातल्या जुन्या चित्रकारांच्या कामाच्या नकला, शिवाय हेन्री मूर या इंग्रज शिल्पकारानं दगडात घडवलेली माय-लेकराची जोडी, असा हा ऐवज दुष्काळी पट्ट्यातल्या एका खेडेगावाच्या डोंगरावर आहे. संस्थान विलीन झालं, संग्रहालय पुढे राज्य शासनाच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे आलं, पण जागा तीच राहिली.

लहान संग्रहालयांनी लोकांसाठी काय करावं याची चर्चा आज बरीच होते. १८ एप्रिलला जागतिक वारसा दिन असतो, १८ मे रोजी संग्रहालय दिन असतो, नोव्हेंबरात १९ ते २५ वारसा सप्ताह असतो. या दिवशी प्रदर्शनं भरतात, व्याख्यानं होतात, शाळेच्या सहली येतात. हे चांगलंच आहे. पण सातारा-सांगलीच्या माणसाचं वर्ष या तारखांवर चालत नाही. ते यात्रा, उरूस, पेरणी, ऊसतोड आणि जयंत्या-पुण्यतिथ्यांवर चालतं. औंधचं संग्रहालय मुळातच या दुसऱ्या पंचांगात बसवलेलं आहे, आणि इथल्या प्रत्येक लहान संग्रहालयानं आपला कार्यक्रम त्याच पंचांगातून काढावा, असं मला ठामपणे वाटतं.

बाळासाहेबांना प्रेक्षक कसा जमवायचा हे शिकवावं लागलं नव्हतं. ते स्वतः चित्रकार होते आणि कीर्तनकारही. कथा सांगायची, तर ती डोळ्यांपुढे उभी राहिली पाहिजे ही कीर्तनकाराची भूक त्यांच्या सगळ्या उद्योगांत दिसते. त्यांनी रामायण चित्रांत काढलं. ते 'चित्ररामायण' १९१६ साली छापलं गेलं. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम सुरू झालं, त्याला पहिलं मोठं बळ औंधनं दिलं, आणि ही आवृत्ती सचित्र असावी हा आग्रह बाळासाहेबांचाच होता. १९६६ साली पुरं झालेलं ते काम जगभरचे अभ्यासक वापरतात. त्याच माणसानं संस्थानातल्या शाळांतून मुलामुलींना सूर्यनमस्कार घालायला लावले. चित्र, कथा आणि शरीर या तिन्ही गोष्टी सामान्य माणसाच्या हक्काच्या आहेत, असं मानणारा संस्थानिक होता तो. पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर याच गावात तीसेक वर्षं राहिले, इथंच त्यांनी स्वाध्याय मंडळ चालवलं. वेदांचे अभ्यासक म्हणून ख्यातनाम झालेले सातवळेकर मुळात चित्रकार होते.

संगीताची गोष्ट तर अजून चालू आहे. औंधचे दरबारी गायक अंतूबुवा जोशी यांनी आपले गुरू शिवानंद स्वामी यांच्या स्मरणार्थ १९४० साली संगीतोत्सव सुरू केला. पुढे त्यांचे चिरंजीव, ग्वाल्हेर, आग्रा आणि जयपूर अशा तीन घराण्यांची गायकी पचवलेले गायक आणि व्हायोलिनवादक गजाननबुवा जोशी यांनी तो सांभाळला, आणि त्यांच्यामागे शिष्यपरिवारानं. तिथी ठरलेली: आश्विन वद्य पंचमी. कोजागिरी होऊन गेलेली, दिवाळी तोंडावर आलेली, आणि देशभर नाव कमावलेले गवई औंधला येऊन गातात. ऐंशीहून अधिक वर्षं एका खेड्यात अभिजात संगीताचा उत्सव टिकतो, याला कारण तो गावाच्या तिथीला बांधलेला आहे. मिरजेला हीच रीत दिसते. ख्वाजा शमना मीरा दर्ग्याच्या उरुसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गाणं होतं. खाँसाहेब १९३७ साली गेले. उरूस त्यांच्याही कितीतरी आधीचा. गाणं उरुसाच्या आसऱ्याला गेलं, म्हणून राहिलं. दर्ग्यापासून थोड्याच अंतरावर तंबोरे आणि सतारी घडवणाऱ्यांची दुकानं आहेत. भोपळा निवडून तो कोरण्यापासून तारा लावून जवारी काढण्यापर्यंतचं काम तिथं उघड्यावर बघता येतं. काचेच्या पेटीतली सतार आणि कारागिराच्या मांडीवरची सतार यांत शिकण्याच्या दृष्टीनं फार अंतर आहे.

औंधच्या संग्रहालयाची ख्याती चित्र-शिल्पांमुळे आहे. या संस्थानाची दुसरी कहाणी मात्र त्याहून मोठी आहे, आणि तीच सातारा आणि सांगलीला एकत्र बांधते. आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भाग १९४९ साली दक्षिण सातारा म्हणून वेगळा झाला. त्याला सांगली हे नाव १९६० साली मिळालं. त्याआधीपासून औंध संस्थान विखुरलेलं होतं: औंध इकडे, आटपाडी आणि कुंडल तिकडे, एक तुकडा विजापुरात. लक्ष्मणराव किर्लोस्करांना १९१० साली कारखान्यासाठी कुंडलजवळ माळरान मिळालं ते औंधकडूनच. त्याची किर्लोस्करवाडी झाली. जानेवारी १९३९ मध्ये बाळासाहेबांनी राज्यकारभार प्रजेच्या हाती देणारी घटना लागू केली. ती घडवण्यात महात्मा गांधी, पोलिश अभियंते मॉरिस फ्रीडमन आणि युवराज अप्पासाहेब पंत यांचा हात होता. पाया ग्रामपंचायतींचा होता. त्याच वर्षी आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत सुरू झाली. भिंत नाही, बेड्या नाहीत, कैद्यांनी कुटुंबासह राहून शेती करायची. शेटफळ्याच्या ग. दि. माडगूळकरांनी पुढे त्यावरून कथा रचली, व्ही. शांताराम यांनी १९५७ साली 'दो आँखें बारह हाथ' काढला. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'तला मास्तर औंध संस्थानानंच धनगरांच्या वाडीवर धाडलेला आहे, आणि त्या वाडीत तालीम बांधून झाल्यावर राजा स्वतः येतो. एवढा मजकूर एखाद्या देशाच्या राजधानीतल्या संग्रहालयाला मिळाला असता तर त्यांनी त्यावर स्वतंत्र दालन उभं केलं असतं. औंधनं तो सांगायला हवा, आणि तो ऐकायला आटपाडीची, कुंडलची, माडगुळ्याची शाळकरी पोरं औंधला यायला हवीत. ती त्यांचीच हकीकत आहे.

लोक संग्रहालयात येत नाहीत ही तक्रार खरी नाही, हे साताऱ्यानं दाखवून दिलं. १९७० साली उघडलेल्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात १९ जुलै २०२४ पासून लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं मांडण्यात आली. ती तीन वर्षांच्या उसनवारीवर महाराष्ट्रात आली. साताऱ्याला त्यांचा जुना संबंध आहे. १८१८ नंतर साताऱ्यात पोलिटिकल एजंट असलेला आणि मराठ्यांचा इतिहास लिहिणारा जेम्स ग्रँट डफ याच्याकडे ती होती, आणि त्याच्या वंशजांनी ती लंडनच्या संग्रहालयाला दिली. सोबतच्या पेटीवर ही शिवाजी महाराजांची वाघनखं असल्याचा मजकूर आहे. अफझलखानाच्या वेळी, १६५९ साली प्रतापगडाखाली, हीच वापरली गेली याचा पक्का पुरावा नाही, असं ते संग्रहालय स्वतः सांगतं. महाराष्ट्रातल्या इतिहास अभ्यासकांनीही तो प्रश्न जाहीरपणे विचारला. माझ्या मते या वादानं कार्यक्रमाचं काही बिघडलं नाही, उलट संग्रहालयाला फार दुर्मीळ संधी मिळाली. एरवी पुरावा कशाला म्हणतात, पेटीवरचा मजकूर कोणी आणि केव्हा लिहिला असेल, बखर आणि पत्र यांत फरक काय, हे समजून घ्यायला कोण येणार? वाघनखांपुढे रांगेत उभा असलेला नववीचा मुलगा हे ऐकायला तयार असतो. अशा गर्दीपाशी शिकवता येण्याजोगं खूप असतं, आणि वस्तू पुढच्या शहरात गेली तरी शिकवलेलं इथंच राहतं.

वस्तू गर्दी जमवते, पण ती जिथं रुजली तिथं तिची गोष्ट अधिक बोलते. वाईजवळ मेणवलीला कृष्णेच्या घाटावर एक पोर्तुगीज घंटा टांगलेली आहे, तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे. चिमाजीअप्पांनी १७३९ साली वसई जिंकली त्या मोहिमेची ही खूण. समुद्र सातारा जिल्ह्याला कुठंच लागत नाही, तरी कोकणकिनाऱ्याचा इतिहास सांगायला याहून नेमकी वस्तू घाटावर सापडायची नाही. ती देवळापाशी आहे, घाटावर येणारा-जाणारा तिला हात लावतो.

कार्यक्रम लोकांच्या जगण्यातून काढायचा, हे जगात इतरत्रही लहान संग्रहालयांना उमगलं. अमेरिकेत वॉशिंग्टनच्या अनाकोस्तिया या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत १९६७ साली स्मिथसोनियन संस्थेनं एक शेजार-संग्रहालय काढलं. जॉन किनार्ड हे त्याचे संचालक. त्यांनी वस्तीतल्या लोकांना सतावणारा प्रश्न घेतला, तो उंदरांचा होता, आणि १९६९ साली चक्क उंदरांवर प्रदर्शन भरवलं: ते का वाढतात, रोग कसे पसरवतात, कचरा कोण उचलत नाही. आपल्या घरातला प्रश्न कोणीतरी नीट मांडला, म्हणून लोक आले. पुढे २०२२ साली प्रागमध्ये आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेनं संग्रहालयाची नवी व्याख्या केली आणि तिच्यात समाजाचा सहभाग ही गोष्ट आवर्जून घातली.

सातारा-सांगलीचा तसा प्रश्न कुठला, हे विचारायलाही नको. पाणी. औंध ज्या खटाव तालुक्यात आहे तो, शेजारचा माण आणि पलीकडचा आटपाडी हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेचा पट्टा. कोयनेच्या खोऱ्यात हजारो मिलिमीटर पाऊस कोसळतो आणि याच जिल्ह्याच्या पूर्वेला माणदेश कोरडा राहतो. इथल्या माणसांनी यावर नुसतं रडगाणं गायलेलं नाही. १९४३ पासून क्रांतिसिंह नाना पाटलांनी इंग्रजांविरुद्ध उभारलेल्या प्रतिसरकारात लढलेले वाळव्याचे नागनाथअण्णा नायकवडी पुढे पाणी चळवळीचे नेते झाले. आटपाडीत त्यांच्या पुढाकारानं पाणी परिषदा भरल्या, तेरा दुष्काळी तालुक्यांनी समन्यायी वाटपाची मागणी केली. कराडजवळच्या टेंभूला कृष्णेचं पाणी उचलून आटपाडीपर्यंत नेणारी योजना उभी राहिली. २०१६ साली पाणी फाउंडेशनची पहिली वॉटर कप स्पर्धा कोरेगाव तालुक्यातल्या वेळू गावानं जिंकली. २०१८ साली माणमधली टाकेवाडी पहिली आली. गावंच्या गावं टिकाव-फावडी घेऊन माळावर उतरली होती.

हा इतिहास अजून माणसांच्या तोंडी आहे. चारा छावण्यांत जनावरांसोबत महिने काढलेल्या बाया आहेत. दोनशे फुटांवर, मग पाचशे फुटांवर पाणी लागलेल्या बोअरची गोष्ट सांगणारे शेतकरी आहेत. पाणी परिषदेला चालत गेलेले म्हातारे आहेत, जलसंधारणाच्या कामावर श्रमदान केलेली कॉलेजची पोरं आहेत. हे सगळं ध्वनिमुद्रित करायला मोठा निधी लागत नाही. रयत शिक्षण संस्थेच्या शाळा-कॉलेजांचं जाळं या तालुक्यांत गावोगाव आहे. इतिहास आणि भूगोलाच्या विद्यार्थ्यांनी आपापल्या गावच्या विहिरींचा, बंधाऱ्यांचा, जुन्या तलावांचा नकाशा करायचा, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांकडून दुष्काळाच्या आठवणी लिहून घ्यायच्या. मोट, चामड्याची पखाल, पाण्याचे टँकर वाटताना वापरलेल्या याद्या, परिषदांची हस्तपत्रकं, श्रमदानात झिजलेली फावडी, अशा वस्तू त्याच कुटुंबांकडून मागून घ्यायच्या आणि मालकाच्या नावानिशी मांडायच्या.

लोक आपले दिवस आपणच पाळतात, याचे पुरावेही इथंच आहेत. खंडाळा तालुक्यातल्या नायगावला ३ जानेवारीला सावित्रीबाई फुल्यांच्या जयंतीला बायाबापड्यांची गर्दी होते. हा दिवस कोणा संग्रहालयानं ठरवून दिलेला नाही. ७ जून १९४३ रोजी प्रतिसरकारच्या तूफान सेनेनं शेणोलीजवळ इंग्रज सरकारचे पगाराचे पैसे नेणारी रेल्वे अडवली. २०१७ साली त्याच रुळांपाशी त्या सैनिकांचे कुटुंबीय जमले आणि कुंडलच्या कॅप्टन भाऊंचा, म्हणजे रामचंद्र श्रीपती लाड यांचा, तिथं सन्मान झाला. ते २०२२ साली वारले. अशा माणसांचं बोलणं नोंदवून ठेवण्याचं काम जिल्ह्यातल्या संग्रहालयांनी दरवर्षी केलं पाहिजे, कारण ही पिढी आता संपत आली आहे. कराडला यशवंतराव चव्हाणांचं 'विरंगुळा' हे घर संग्रहालय म्हणून राखलेलं आहे. तिथं, साताऱ्यात आणि औंधमध्ये मिळून या नोंदींचा एक साठा झाला, तर दोन्ही जिल्ह्यांतल्या कुठल्याही शाळेला तो वापरता येईल.

आणि पाण्यावरचं प्रदर्शन औंधलाच व्हावं. ते पौषात, यात्रेच्या दिवसांत उघडावं. चढणीवर थांबलेल्या भाविकाला आधी पाण्याचा ग्लास द्यावा आणि मग त्याच्याच गावच्या विहिरीचा नकाशा दाखवावा. त्याच्या गावचं नाव नसेल, तर ते तिथल्या तिथं लिहून घ्यावं.